फळ्यावरचं अक्षर

टेंभुरवाडी, साखऱ्याजवळ
८ जुलै २०२५

संध्या,

जयभीम. तुझ्या दोन बाटल्या भरून पाठवल्या. ही चिठ्ठी त्याच डब्यात टाकते. फोनवरच सांगणार व्हते, पण माझ्या हरीशनं मला दिलेला फोन असा हाय का मी कानाला लावला तरी समोरच्या ओसरीवर ऐकू जातो. आणि तू म्हणलीस गाजावाजा नको. मंग लिहिलेलं बरं. चौथी शिकलेल्या बाईला टाईम लागतो, पण लिहिते.

कागदावर तू बारा गोष्टी करायला सांगितल्या. बारा. अगं, मी शंभर लेकरांचा भात टाकू का तुझा कागद वाचत बसू? तरी समदं बराबर केलं. हात साबणानं धुतले. शेगडी विझवली. गॅसची नळी शेगडीपासून सोडवली, तिला तुझी नळी लावली, खिडकी उघडली, कॉक सोडला आणि बाटलीतल्या पाण्यातून दहा मिनिटं बुडबुडे जाऊ दिले. पेमानं घड्याळ धरलं. पेमा आता माझ्या जोडीला हाय, तांड्यावरून चालत येते. ती म्हणली, हवेत काय दिसणार हाय बाई. मी म्हटलं, मला काय माहीत, भाचीला डॉक्टर व्हायचंय, सुई न टोचणारी.

बर्फाच्या पिशव्या किराणावाल्याच्या फ्रीजात ठेवल्या व्हत्या. त्यानं विचारलं काय हाय म्हणून. म्हशीचं इंजेक्शन, म्हटलं. सेनगावपर्यंत जीपवाल्याकडं दिला डबा, तिथून पुढं एसटीच्या कंडक्टरकडं. त्याला सांगितलं, पाडलास तर माझी भाची वर्षभर मागं जाईल. घाबरला बिचारा, मांडीवर धरून बसला.

तू विचारलंस, शाळेच्या गोबरगॅसच्या खड्ड्यात काय काय जातं. शेण जातं. उरलेला भात जातो, भाजीची देठं जातात. बास. दुसरं काही न्हाई.

जेवत जा. मागच्या टायमाला आलीस तर गळ्याची हाडं मोजता येत व्हती.

चांगुणाबाई
स्वयंपाकी, शाळा टेंभुरवाडी
(सही पुरी करायची असं तूच शिकवलंस, म्हणून करते.)


नांदेड
२१ जुलै २०२५

मावशी,

जयभीम. डबा पोचला, एकही बाटली फुटली नाही. कंडक्टरने माझ्या हातात देताना विचारलं, आत जिवंत काही आहे का. मी हो म्हटलं, तर लगेच हात पुसले.

पेमामावशीला सांग, हवेत दिसतं. खड्ड्यात शेण कुजतं, त्याचे बुडबुडे वर येतात. बुडबुडा फुटला की बारीक तुषार उडतात. तुझी आंबील रटरटायला लागली की हातावर शिंतोडे येतात ना, तसेच, पण डोळ्याला न दिसणारे. त्या तुषारांवर बसून खड्ड्यातले जंतू गॅससोबत नळीत शिरतात. तू भरलेल्या पाण्याचे थेंब मी जंतूंना खायला असतं त्या थरावर टाकले आणि ऊबेत ठेवले. दोन दिवसांत ठिपके उगवले. त्यातला एकेक ठिपका म्हणजे जंतूंचं एकेक गाव.

बहुतेक सगळे शेणातलेच आहेत. पण काही ठिपके असे आलेत की ते शेणातून येण्यासारखे नाहीत. माणसाच्या पोटातले वाटतात. पहिल्यांदा मला वाटलं माझाच हात लागला असेल. पुन्हा केलं. पुन्हा तेच आले.

म्हणून विचारते, रागावू नकोस. त्या खड्ड्यात आणखी काही जातं का? माझे सर म्हणतात, खड्ड्यात काय पडतं हे नक्की माहीत नसेल तर या ठिपक्यांना काही अर्थ नाही, सगळं काम टाकून द्यावं लागेल. तीन वर्षं झाली मावशी. तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहील. तुझं नाव, गावाचं नाव, शाळेचं नाव कुठंही येणार नाही. आईची आण घेऊन सांगते.

आणखी चार बाटल्या पाठवते. दोन भर, दोन तुझ्यापाशी असू दे.

तुझी
संध्या


टेंभुरवाडी
२९ जुलै २०२५

संध्या,

मेलेल्या माणसाची आण घ्यायची गरज न्हवती. माझी भइन जिवंत असती तर तिनं तुझ्या थोबाडीत दिली असती. ती पुण्याला बांधकामावर गेली तवा सहा वर्षं तू माझ्या ताटात जेवलीस, तुझ्यापाशी मी खोटं काहून बोलले, तेच मला कळंना. आता खरं लिहिते.

मुलींच्या संडासाचा पाईप याच खड्ड्यात सोडलाय.

दोन वर्षं झाली. संडास बांधला तवा त्याचा शोषखड्डा इतका उथळ खणला का पहिल्याच पावसाळ्यात भरून वर आला. कुलूप लागलं. मोठ्या पोरी शेताच्या बांधावर जायला लागल्या, तांड्यावरच्या तर दुपारीच घरी पळायच्या, परत येत न्हवत्या. इकडं गोबरगॅसला शेण पुरंना. बैल कुणाकडं राहिलेत आता, समदी ट्रॅक्टरं हायेत. आठवड्यातून दोन दिवस शेगडी पेटत न्हवती. किसनराव गुरुजी म्हणले, बाई, दोन्ही दुखणी एका पाईपानं बरी व्हत्यात, पण गाव ऐकून घ्यायचं न्हाई. मी म्हटलं, गावाला सांगतंय कोण. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडं हट्टा गावचा गवंडी आणला. इकडचा आणला असता तर चहाच्या हॉटेलात बोलला असता. चार माणसांना माहीत हाय. गुरुजी, मी, पेमा आणि तो गवंडी. आता तू पाचवी.

पोरी शाळेत बसून राहिल्या. शेगडी रोज पेटून राहिली. मला त्याच्यात काही वंगाळ वाटलं न्हाई, आजून वाटत न्हाई. घाण खाली, आग वर, मधी दहा हात माती.

पण तुला सांगते, हे बाहेर गेलं तर मी गेले. तुला आठवतं का पहिलं साल? तू सातवीत व्हतीस. मला काम मिळालं आणि दुसऱ्या दिवशी अर्धी शाळा घरून डबे घेऊन आली. मी रांधलेलं चाळीस लेकरांचं वरण खड्ड्यात ओतलं. लेकरांनी नुसते डबे उघडले. ते डबे बंद व्हायला चार वर्षं लागली. एकेक डबा मी मोजून बंद केलाय, वरणाला फोडणी देऊन देऊन. आता रुख्मिणीबाईचा नातू तिसऱ्यांदा भात मागतो. तिला हे कळलं तर ओकून ओकून मरंल. शाळेच्या समितीत बसते ना, नाकानं बसते.

चिठ्ठी वाचून जाळून टाक.

चांगुणाबाई
स्वयंपाकी, शाळा टेंभुरवाडी


नांदेड
९ ऑगस्ट २०२५

मावशी,

तू खरं सांगितलंस, माझी तीन वर्षं वाचली. आता ठिपक्यांचा हिशेब लागतो. संडास जोडलेल्या खड्ड्यातून गॅससोबत कोणते जंतू किती वर येतात, हे आपल्या भागात असं मोजलेलं मला तरी कुठं सापडलं नाही. सर पहिल्यांदाच माझ्याशी बसून बोलले.

तू घाबरू नकोस. जंतू गॅसमध्ये आहेत, तुझ्या भातात नाहीत. शेगडी पेटलेली असताना ते जळून जातात, निळ्या ज्योतीतून एकही वाचत नाही. काळजी घ्यायची ती एवढीच की पेटवण्याआधी कॉक उघडा ठेवून वास घेत उभं राहायचं नाही. तुला ती सवय आहे, मला माहीत आहे. आधी काडी, मग कॉक. खिडकी उघडी. नळीत साचलेलं पाणी काढलंस की हात साबणाने धू.

सर म्हणाले, खड्ड्यात काय जातं याचा लेखी पुरावा लागतो. मी म्हटलं, आहे.

काळजी करू नकोस. मी सांभाळून घेते.

संध्या


टेंभुरवाडी
२७ सप्टेंबर २०२५

संध्या,

आज हरीश हिंगोलीहून आला आणि त्याच्या मोठ्या फोनवर तुझा फोटो दाखवला. तू साडी नेसलीस, हातात ढाल, आणि मागं दाराएवढा कागद. हरीश म्हणला, आई, ताईला पयलं बक्षीस भेटलं, शंभर लोकांतून. मी काही रडले न्हाई, फोडणीचा धूर व्हता.

तुझ्यामागचा तो कागद समदा इंग्रजीत हाय. पण रंगीत रंगीत ठिपके काढलेले वळखले मी. ते माझे ठिपके. मी भरलेल्या बाटल्यांतले. खाली कोपऱ्यात एक काळंपांढरं काय तरी चिकटवलंय, ते बारीक दिसतं, माझ्या चष्म्याला आलं न्हाई. हरीशला म्हटलं मोठं कर, तर त्याला तेवढ्यात फोन आला.

सोमवारी शाळेत पालकांची बैठक हाय. हरीशचा फोन ठेवून घेतलाय दोन दिवस, त्याची शिमकाट घालून जुना त्याला दिला. रुख्मिणीबाईला दाखवते. चौदा वर्षं मी तिच्या नातवंडांना वाढते, एक दिवस तिनं माझ्या पोरीला बघावं. गुरुजींनापण सांगितलंय, शेवटी पाच मिनिटं मला द्या.

डब्यात शेंगदाण्याची चटणी हाय. बाटल्या न्हाईत या टायमाला, चटणीच हाय.

चांगुणाबाई
स्वयंपाकी, शाळा टेंभुरवाडी


टेंभुरवाडी
४ ऑक्टोबर २०२५

संध्या,

परवा दसऱ्याला विहारात समदे गेले. मी गेले न्हाई. पांढरी साडी काढून ठेवली व्हती, तशीच पेटीत ठेवली. कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

कसं झालं ते सांगते. तुला कुणी सांगितलं असंल तरी माझ्या हातानं वाच.

बैठक संपली. गुरुजी म्हणले, चांगुणाबाईंना काही दाखवायचंय. मी पदराला हात पुसून पुढं गेले. फोन रुख्मिणीबाईच्या हातात दिला. म्हटलं, ही माझी भाची, याच शाळेत शिकली, आता जंतूंची डॉक्टर व्हणार. रुख्मिणीबाई हसली. चांगलं हसली, मी खोटं सांगणार न्हाई. म्हणली, पोरगी नाव काढती. आणि दोन बोटांनी फोटो मोठा करायला लागली. तुझं तोंड मोठं केलं, ढाल मोठी केली. मंग कागद. कागदावर समदं इंग्रजी. त्याच्यात वाचता येण्यासारखं एकच व्हतं, कोपऱ्यात.

माझं पत्र.

तिचं हसणं हळूहळू गेलं. तिनं फोन गुरुजींना दिला न्हाई, मला दिला न्हाई. उभी राहिली आणि मोठ्यानं वाचलं. मुलींच्या संडासाचा पाईप याच खड्ड्यात सोडलाय. थांबली. पुढचं वाचलं. काळ्या केलेल्या नावांवरून पुढं गेली, गवंडी वाचला, तिसऱ्यांदा भात मागणारा नातू वाचला. पाक तिच्या नाकापर्यंत वाचलं, ओकून ओकून मरंल ते. आपलं आपल्याबद्दल वाचलं तिनं, त्या पन्नास माणसांपुढं, एक अक्षर सोडलं न्हाई. मानली मी तिला त्या टायमाला.

गुरुजी म्हणले, याच्यावर नाव न्हाई, हे कुठलंबी असू शकतं. नावं तू समदी काळी केलेली ना, गावाचं, गुरुजींचं, पेमाचं, माझं, ते दाखवत व्हते. 

रुख्मिणीबाईनं त्यांच्याकडं बघितलंच न्हाई. तिनं नुसता हात वर केला. माझ्यामागं फळा व्हता. त्याच्यावर सकाळीच मी लिहिलेलं, आजचा आहार, मटकीची उसळ आणि भात.

"अक्षर वळखू येतं का न्हाई?" ती म्हणली. "चौदा वर्षं रोज वाचून राहिलो आपण."

पन्नास माणसं फळ्याकडं बघतात, मंग फोनकडं, मंग फळ्याकडं. माझा तो वाकडा भ, त्याचं पोट असं बाहेर आलेलं. लेकरं त्याच्यावर हसतात, काही तर तसाच काढतात. आख्ख्या गावात तसा भ काढणारं मोठं माणूस एकच हाय.

आणि तो मला कुणी शिकवला? स्वयंपाक्यानं रोजचा आहार फळ्यावर लिहायचा असा कागद आला तवा मी काम सोडून राहिले व्हते. तू सातवीतली पोरगी. माझ्या मागं उभी राहिलीस, माझा हात हातात धरलास आणि भात लिहून घेतलास. पंधरा दिवस. तू म्हणलीस, मावशी, भ वाकडाच असू दे, तुझा हाय.

तुला ते अक्षर वळखू आलं न्हाई?

नाव झाकलंस. नाव तर कुणालाबी असतं.

त्या दिवसापासून डबे सुरू झाले. पयल्या दिवशी पंचवीस. दुसऱ्या दिवशी मी मोजले न्हाईत. लेकरांना वाढायच्या आधी कुणीतरी पालक चव घेतो, वहीत सही करतो. कुणी आलं न्हाई. मी एकटीनं चव घेतली आणि सही केली, तर गुरुजी म्हणले, बाई, तुमची सही तुमच्याच जेवणाला चालत न्हाई. संडासाला कुलूप लागलं. पेमाच्या घरी तांड्याची माणसं विचारायला गेली, तुला माहीत व्हतं तर गप काहून राहिलीस.

मी तुला लिहिलं व्हतं, जाळून टाक.

तो फोन मी माझ्या हातानं नेला, हे मला झोपू देत न्हाई. माझ्या हातानं नेला, संध्या. चार घरी दाखवत दाखवत नेला.

सही करत न्हाई. अक्षर वळखशील.


नांदेड
१२ ऑक्टोबर २०२५

मावशी,

चटणीचा डबा मंगळवारी मिळाला. बैठक सोमवारी झाली होती. चिठ्ठी वाचल्यावर मी लगेच तुझ्या नंबरवर फोन लावला, तो तू उचललास आणि ठेवून दिलास. त्यानंतर लावला नाही. धीर झाला नाही.

या पत्राचे तीन कागद फाडले. पहिल्यावर लिहिलं होतं की तुझं नाव मी झाकलं होतं, शब्द पाळला होता. दुसऱ्यावर लिहिलं होतं की अक्षर झाकायचं सुचलं नाही. ते खोटं आहे. सुचलं होतं.

मी तुझं पत्र टाईप करून लावणार होते. सरांना तसं दाखवलंही. ते म्हणाले, टाईप केलेलं कुणीही करून आणतं, हे मूळ पत्र लाव, हाताने लिहिलेलं, बघणारा थांबला पाहिजे. मी तुझं पत्र हातात घेऊन बराच वेळ बसले. भ बघितला. मला वाटलं, नांदेडच्या सभागृहात टेंभुरवाडीचं कोण येणार आहे. लोक खरंच थांबले, मावशी. परीक्षक त्या कोपऱ्यासमोरच सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले. मला तेव्हा अभिमान वाटला. तुझा वाटतोय असं मी स्वतःला सांगितलं.

तू जाळ म्हणालीस ते मी वाचलं होतं.

मी येऊ का? तू म्हणशील त्या दिवशी येते, बैठकीत उभी राहते. तोवर सोबत एक पत्र पाठवते, आमच्या विभागाच्या कागदावर, शिक्क्यासह. त्यात स्पष्ट लिहिलंय की गॅसमधले जंतू ज्योतीत जळून जातात, त्यावर शिजवलेलं अन्न खायला सुरक्षित आहे, संडास जोडल्याने अन्नाला काही होत नाही. सोप्या मराठीत लिहिलंय. गुरुजींना समितीपुढे वाचायला सांग. हे वाचल्यावर कुणाला डबा आणायचं कारण उरणार नाही. तुझं काम जाणार नाही, मी सांगते.

संध्या


टेंभुरवाडी
२५ नोव्हेंबर २०२५

संध्या,

येऊ नको. आलीस तर जेवायला वाढीन, लेकरू हायेस, पण बोलणार न्हाई. म्हणून येऊ नको.

तुझं शिक्क्याचं पत्र मी गुरुजींना दिलं. स्वतः दिलं, पुन्हा माझ्याच हातानं. दिवाळीच्या सुट्टीनंतर समिती बसली, तवर मला कामावरून घरी बसवलं व्हतं. गुरुजींनी समदं वाचलं, हळू, दोनदा. मला बाहेर व्हरांड्यात बसवलं व्हतं, पण खिडकी उघडी व्हती. तूच सांगितलेलं, खिडकी उघडी ठेव.

पत्र चांगलं व्हतं. समद्यांना पटलं. कुणी म्हणलं, मंग गॅस तोडायचं कारण न्हाई, सरपण आणायची कटकट कुणाला पाहिजे. संडासाचं कुलूप काढा, पोरींचे हाल व्हतात. रुख्मिणीबाईच म्हणली ते. तेवढं तुझ्या पत्रानं बरं केलं, मी नाकारत न्हाई. तांड्यावरच्या पोरी परत दिवसभर बसून राहिल्यात.

मंग गुरुजींनी विचारलं, तर चांगुणाबाईंना उद्यापासून बोलवू?

कुणी टोपी नीट केली, कुणी चपला शोधायला लागला.  मंग एक जण म्हणला, जंतूंचं न्हाई हो, पण बाईनं गावाला फसवलं. मी आत जाऊन म्हणणार व्हते, पाईप जोडायला गुरुजीपण व्हते. पण गुरुजींनी खाली बघितलं, आणि मला कळलं का ते म्हणणार न्हाईत. त्यांना आजून सहा वर्षं नोकरी हाय. मी उठले आणि घरी आले. तिसऱ्या दिवशी रुख्मिणीबाईची सून कामाला लागली.

मी कापूस वेचायला जाते. बोटं फाटलीत, म्हणून अक्षर आणखी वाकडं हाय.

आता काम सांगते, नीट वाच.

तू मला चार बाटल्या दिल्या व्हत्या. दोन राहिल्या व्हत्या, सील न फोडलेल्या. पेमा आजून शाळेत हाय, भांडी घासायला. काल मी त्या तिच्याजवळ दिल्या आणि तुझा बारा गोष्टींचा कागद तिला वाचून दाखवला. तिनं तसंच केलं, हात धुतले, शेगडी विझवली, नळी लावली, दहा मिनिटं बुडबुडे. सुनबाई दळण आणायला गेली व्हती. तुला वाटंल आता हा कसला चोरटेपणा. तुझ्याकडूनच शिकले.

त्या दोन बाटल्या या डब्यात हायेत. खड्डा तोच हाय. पाईप तोच हाय, हट्ट्याच्या गवंड्यानं जोडलेला, कुणी हात लावला न्हाई. शेगडी तीच. शेण कमीच पडतं, पयल्यासारखं.

तू हे पाणी तुझ्या त्या थरावर टाक, ऊबेत ठेव, दोन दिवस थांब. ठिपके मोज. माझ्या वेळचे किती व्हते आणि आता किती हायेत ते शेजारी शेजारी लिही. माझ्या डोक्यानं सांगते, सारखेच येतील. जंतूला काय कळतंय शेगडीपुढं कोण उभं हाय.

मंग त्याच्या खाली हे लिही. पेमानं मोजून आणलंय, रोज, दोन आठवडे, मी तिला सांगितलं व्हतं. चांगुणाबाई रांधत व्हती तवा शेवटच्या दिवशी शाळेत बासष्ट डबे आले. आता शाळेत डबे किती येतात, तर एकबी न्हाई. समदी लेकरं रांगेत बसतात आणि खातात. रुख्मिणीबाईचा नातू तिसऱ्यांदा भात मागतो. सुनबाईचा भात चिकट, गिजगा व्हतो असं पेमा म्हणते, तरी मागतो.

गॅस तोच, जंतू तेच, डबे गेले. मधी काय बदललं ते तुझ्या दाराएवढ्या कागदावर लिही. तुझ्या सरांना विचार, हे कुणी मोजलंय का आपल्या भागात. इंग्रजीत लिहायचं तर इंग्रजीत लिही, मला वाचता येत न्हाई ते बरंच हाय. पण कोपऱ्यात हे पत्र लाव. हेच, माझ्या हातचं, टाईप करू नको. तुझे लोक थांबतील, थांबू दे.

माफ केलं असं समजू नको. ते वेगळं हाय, ते मला जमलं तर मी कळवीन, न्हाई जमलं तर न्हाई. हे कामाचं पत्र हाय.

आणि या टायमाला खालचं नाव झाकायचं न्हाई.

चांगुणाबाई
चौदा वर्षं स्वयंपाकी, शाळा टेंभुरवाडी